बिनफोटोचं लायसन्स

माझा मामा शहर बससेवेत ड्रायव्हर होता. त्याचा कंडक्टर म्हणायचा, हा माणूस ब्रेक मारतच नाही, गाडीला थांबायला सांगतो. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या बायका आधीची बस सोडून देऊन त्याच्या बसची वाट बघत स्टॉपवर बसून राहायच्या. मामाला हे माहीत होतं, पण कुणी तोंडावर कौतुक केलं की तो कानाची पाळी ओढत दुसरीकडे बघायचा. बोलणं कमी. देवाधर्माबद्दल तर मी त्याच्या तोंडून कधी प्रवचन ऐकलं नाही. सकाळी गाडी सुरू करण्याआधी स्टेअरिंगवर हात ठेवून डोळे मिटायचा, एवढंच.

आईच्या माहेरचा पंथ लहान. शहराच्या जुन्या भागात त्यांचं एक सभागृह, पांढऱ्या भिंती, लाकडी बाकं, पुरुष एका बाजूला आणि बायका दुसऱ्या. बाहेरच्या लोकांना त्यांच्याबद्दल एकच गोष्ट ठाऊक असायची: हे लोक फोटो काढत नाहीत. माणसाचा चेहरा देवाने दिलेला, तो देवाकडेच परत जायचा, त्याची नक्कल करून मागे ठेवायची नाही, असा त्यांचा नियम. आई लग्न करून पंथाबाहेर आली, त्यामुळे आमच्या घरात भिंतीवर फोटो होते. मामा यायचा त्या दिवशी आई ते उतरवायला लागायची, तर मामाच म्हणायचा, "राहू दे गं, तुझं घर आहे." दुसऱ्याने काय करावं यात त्याने कधी नाक खुपसलं नाही. स्वतः मात्र तो लग्नातसुद्धा फोटोवाला आला की हळूच मांडवाबाहेर जाऊन उभा राहायचा.

मग कायदा आला. एकाच्या लायसन्सवर दुसराच गाडी चालवतोय असे प्रकार उघडकीला आले होते, एका मोठ्या अपघातात माणसं गेली होती, आणि सरकारने ठरवलं की यापुढे प्रत्येक लायसन्सवर फोटो हवा. कायदा वाईट नव्हता. मी आजही तो वाईट होता असं म्हणणार नाही. पंथातल्या बऱ्याच जणांनी गुपचूप फोटो काढून घेतले. मामीचा सख्खा भाऊ टॅक्सी चालवायचा, त्याने पहिल्याच आठवड्यात काढला आणि सभेत तो नेहमीसारखा पुढच्या बाकावर बसत राहिला.

मामाला ते जमेना. डेपो मॅनेजर भला माणूस होता. त्याने केबिनमध्ये बोलावून चहा पाजला आणि सांगितलं, "काढून टाका एकदाचा. वर कागद चिकटवा, बघूसुद्धा नका. पोलिसाने मागितलं तरच दाखवायचं." मामीनेही घरी तेच सांगितलं. मुदत जवळ येत चालली तशी मामाची झोप उडाली. शेवटी तो म्हणाला, थोरल्यांना विचारू, ते म्हणतील तसं करू.

थोरले म्हणजे पंथाचे प्रमुख. त्यांचं नाव कुणी घ्यायचं नाही, सगळे थोरलेच म्हणायचे. त्यांचं बाथरूमच्या सामानाचं मोठं दुकान होतं. नळ, फरशा, बेसिनं, आरसे. मामा आणि मामी तिथेच गेले. पुढचं मला मामीने सांगितलं, आणि एकदा नव्हे, कितीतरी वेळा. गिऱ्हाईक जाईपर्यंत दोघं आरशांच्या रांगेजवळ अवघडून उभी राहिली. मग मामाने विचारलं, पोटापाण्याचा प्रश्न आहे, अडचण म्हणून एवढा एक फोटो चालेल का?

थोरले रागावले नाहीत. त्यांनी मामाच्या खांद्यावर हात ठेवला आणि शांतपणे विचारलं, "तू सवलत मागायला आलास, की बळ मागायला?"

आता यावर माणूस काय बोलणार? मामा म्हणाला, बळ.

तिथेच सगळं ठरलं. मामी म्हणायची, यांच्या तोंडून तो शब्द निघाला आणि थोरल्यांचा चेहरा असा उजळला की जणू आठवडाभर अडकलेला माल सुटला.

मुदत संपली, मामाची गाडी गेली. मॅनेजरने त्याला कामावरून काढलं नाही, बसगाड्या धुवायच्या जागी लावलं. ज्या गाड्या तो चालवायचा त्याच आता पाइप घेऊन धुवायच्या, सीटखालची घाण काढायची, खिडक्यांवरची थुंकी खरवडायची. रबरी बुटांत दिवसभर पाय भिजून पांढरे पडायचे. पोरं त्याला 'बिनफोटो' म्हणायला लागली. आधी चेष्टेने, मग तेच नाव झालं. पगाराच्या रांगेतसुद्धा "बिनफोटो, पुढे सरका" म्हणायचे आणि म्हणणाऱ्याला त्यात काही वावगं वाटायचं नाही. मामी इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायला जायला लागली.

इकडे थोरल्यांनी वकील लावला. वकीलबाई पंथाच्या नव्हत्या, देवालाही फारसं मानत नसाव्यात, पण हुशार आणि सरळ होत्या. माणसाच्या मनातल्या श्रद्धेवर सरकारने गाडी घालू नये, एवढं त्यांना मनापासून पटलेलं होतं. ओळखच पटवायची तर अंगठ्याचा ठसा घ्या, असं त्यांचं म्हणणं. मामा म्हणाला, दहाच्या दहा बोटं घ्या. हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की त्यांनी ते अर्जात घातलं. अर्ज मामाच्या नावाने झाला. खर्च पंथाचा, सल्ला थोरल्यांचा, नाव मामाचं.

मग गंमत सुरू झाली. ज्या धर्मांचे पुढारी एरवी एकमेकांच्या सावलीला उभे राहत नाहीत, ते मामाला पाठिंबा द्यायला एका स्टेजवर येऊन बसले. एकाचं शाळेच्या अनुदानावरून सरकारशी वाजलं होतं, एकाचं भोंग्यावरून, एकाचं जमिनीवरून. मामाला मधल्या खुर्चीत बसवलं होतं. फोटोवाल्यांना आत सोडलं नव्हतं, हा त्याचा मान. भाषणं झाली ती सगळी शाळा, भोंगा आणि जमीन यांवर. विरुद्ध बाजूचे लोकही कमी नव्हते. धर्म घरात ठेवा, रस्त्यावर कायदा चालेल, असं ते पेपरातून लिहायचे. त्यातल्या काहींचं मला पटायचं. पण त्यांच्यापैकीही कुणी डेपोत येऊन मामाला विचारलं नाही, की बाबा रे, तुला नेमकं काय वाटतं? एका पेपरात व्यंगचित्र आलं: ड्रायव्हरची टोपी, युनिफॉर्म, आणि चेहऱ्याच्या जागी कोरा गोल. आम्ही ते मामापासून लपवलं, तर कुणीतरी डेपोच्या नोटीस बोर्डावरच लावलं. मामाने बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "बरं केलं. त्याने तरी नियम पाळला."

त्याचा विनोद त्यानंतर फारसा ऐकू आला नाही.

कोर्टात सरकारी वकिलाने त्याला पिंजऱ्यात उभं करून विचारलं, "तुमच्या डेपोच्या फाटकावर कॅमेरा आहे. रोज जाता-येता तुमचं चित्र निघतं. ते कसं चालतं?"

मामाने कानाची पाळी ओढली. "मी मान खाली घालून जातो."

कोर्ट हसलं. न्यायाधीशही हसले असावेत, मला मागून दिसलं नाही. वकीलबाईंनी उठून फार चांगल्या शब्दांत सांगितलं की जे टाळता येत नाही ते सोसणं वेगळं आणि जे स्वतःच्या हाताने करायला लावतात ते वेगळं. ते खरं होतं, आणि मामाच्या मनात तेच होतं. पण पेपरात छापून आलं ते 'मान खाली घालून जातो.' दुसऱ्या दिवसापासून फाटकावरचा वॉचमन त्याला बघून हनुवटी छातीला टेकवायला लागला.

हे सगळं एक वेळ सोसण्यासारखं होतं. सोसण्यासारखं नव्हतं ते ताईचं.

ताई म्हणजे मामाची एकुलती एक मुलगी, माझ्याहून मोठी. तिला नर्स व्हायचं होतं. व्हायचं होतं म्हणजे लहानपणी सगळ्या मुली म्हणतात तसं नव्हे. शेजारच्या आजारी बाईचं सगळं ती शाळेत असल्यापासून करायची, डॉक्टरच्या चिठ्ठ्या वाचून औषधांची नावं पाठ करायची. नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेची तयारी झाली, फी भरून झाली, आणि हॉल तिकिटाच्या अर्जावर फोटोचा चौकोन निघाला.

मामीने या वेळी मामाला विचारलंच नाही. उद्या तिला स्टुडिओत घेऊन जाते, एवढं तिने आम्हाला सांगितलं. पण बातमी कशी कोण जाणे थोरल्यांपर्यंत पोचली, आणि ते संध्याकाळी मामाच्या घरी आले. पहिल्यांदाच आले. मी तिथे होते. घरात हातांची खुर्ची एकच होती, तिच्यात ते बसले. ताईने चहा आणला. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, अभ्यासाची चौकशी केली, आणि मग मामाकडे वळून म्हणाले, की सरकारी वकील टपूनच बसलाय. अर्जदाराच्या स्वतःच्या मुलीने फोटो काढला हे त्याला कळलं, तर तो म्हणेल यांची श्रद्धा सोयीची आहे. केस तिथेच आडवी होईल. एकट्या तुझी नाही, पंथाची. "एका वर्षाचा प्रश्न आहे. निकाल लागला की पोरगी ताठ मानेने परीक्षेला बसेल."

मामी म्हणाली, "एक वर्ष कुणाचं?"

थोरल्यांनी ऐकलं नसल्यासारखं केलं. ताई ट्रे हातात धरून उभीच होती. ती थोरल्यांकडे बघत नव्हती, आईकडेही नाही. "बाबा," ती म्हणाली, "तुम्ही सांगा. तुम्ही बस म्हणालात तर मी बसते."

मामा जमिनीकडे बघत म्हणाला, "पुढच्या वर्षी बस."

ताईने ट्रे आत नेऊन ठेवला. रडली नाही, भांडली नाही. परीक्षेच्या दिवशी तिने घरातले सगळे पडदे काढून धुतले.

पुढच्या वर्षी तारखा पडत गेल्या, त्याच्या पुढच्या वर्षी न्यायाधीश बदलले. परीक्षेला वयाची अट होती, ती एक दिवस उलटून गेली. तोवर ताई पडदे शिवायच्या दुकानात कामाला लागली होती. मापं घ्यायला लोकांच्या घरी जायची, चांगलं शिवायची. बाबांशी बोलायची, जेवायला वाढायची, दुखलं-खुपलं विचारायची, पण कसलाही सल्ला त्यांना परत कधी विचारला नाही. एका स्थळाला तिने नाही म्हटलं, तेव्हाही घरी नंतर सांगितलं.

आणि मग आम्ही केस जिंकलो. 'आम्ही' असं सगळे म्हणत होते, म्हणून मीही म्हणते. कोर्टाने सांगितलं की ज्याची श्रद्धा प्रामाणिक आहे त्याला फोटोऐवजी बोटांच्या ठशांवर लायसन्स द्यावं. सभागृहात सत्कार झाला. मामाच्या अंगावर शाल घातली, ती त्याच्या खांद्यावरून सारखी घसरत होती. बाहेर पायऱ्यांवर पत्रकार थांबले होते, त्यांच्याशी थोरले बोलले. दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर त्यांचा फोटो, हात उंचावलेला. न विचारता काढला, असं ते म्हणाले.

मामाला लायसन्स मिळालं. फोटोच्या जागी रिकामा चौकोन, त्यात शिक्का, खाली ठसे. डेपोत पेढे वाटावेत तसं तो ते सगळ्यांना दाखवत फिरला. इतका खूश मी त्याला मधल्या सगळ्या वर्षांत पाहिला नव्हता. पण गाडी हातात देण्याआधी डेपोच्या डॉक्टरकडे तपासणी असते. डॉक्टरने समोरच्या भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. मामाने वरच्या दोन ओळी वाचल्या आणि थांबला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यात साखर. डोळ्यांच्या आतल्या पडद्यालाही इजा झाली होती. ऑपरेशनने घरात वावरण्यापुरतं सुधारेल, बस विसरा, असं डॉक्टरने सांगितलं. मामा परत पाइप घ्यायला गेला.

इथवर जे झालं ते मी नशिबाच्या खात्यावर टाकायला तयार आहे. कायदा, तारखा, डोळे, सगळं. पुढचं नाही.

थोरल्यांच्या नातीला परदेशातल्या कॉलेजात प्रवेश मिळाला. परदेशी जायचं तर पासपोर्ट हवा, आणि पासपोर्टला बोटांचे ठसे चालत नव्हते, फोटो हवाच. कोर्टात जायला वेळ नव्हता, कॉलेज सुरू व्हायचं होतं. त्या आठवड्याच्या सभेत थोरल्यांनी उभं राहून सांगितलं, की आपण ज्येष्ठांनी बसून बराच विचार केला. नियम आहे तो चित्राचा. सरकारी कामासाठी काढलेला फोटो हे चित्र नव्हे, ती खूण आहे. हौसेने काढायचा नाही, भिंतीवर लावायचा नाही, पण खूण म्हणून चालेल.

मामीने सांगितलं, की सभागृहात सगळ्यांनी असा श्वास सोडला की बाकं करकरली. बहुतेकांच्या खिशात ती खूण आधीपासूनच होती.

मामा उभा राहिला. सभेत तो कधीच बोलला नव्हता. "थोरले," तो म्हणाला, "मी तुमच्याकडे विचारायला आलो होतो. तेव्हा ही खूण का नव्हती?"

थोरल्यांचा आवाज चढला नाही. "तू सवलत मागितली नव्हतीस," ते म्हणाले. "तू बळ मागितलं होतंस. ते तुला मिळालं."

काही जणांनी माना डोलावल्या. मामा तसाच उभा होता, बसायचं विसरल्यासारखा. बायकांच्या बाजूने मामी उठली, चालत पुरुषांच्या बाजूला गेली, त्याच्या दंडाला धरलं आणि त्याला बाहेर घेऊन आली. बायकांनी तिकडे जायची पद्धत नव्हती. त्याबद्दल नंतर तिला दोघीतिघींनी बोलून दाखवलं.

नंतर पंथातली काही जुन्या वळणाची माणसं मामाकडे आली. थोरल्यांनी धर्म विकला, आम्ही वेगळे होतोय, तुम्ही आमचे प्रमुख व्हा, असं म्हणत होती. तुमच्याइतकं कुणी सोसलंय? मामाने त्यांना पाणी दिलं आणि सांगितलं, की मला डोळ्यांत औषध घालायची वेळ झालीय. ते गेले. त्यांनी मग दुसरा कुणीतरी शोधला.

मामा निवृत्त झाला तेव्हा पेन्शनच्या कागदांवर फोटो लागत होता. तो वकीलबाईंकडे गेला. त्यांचे केस पांढरे झाले होते. त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, की तो निकाल लायसन्सपुरता होता, पेन्शनसाठी नव्याने भांडावं लागेल. आणि आता एक अडचण जास्त आहे. "तुमचे थोरलेच चालतं म्हणतायत. कोर्ट विचारेल, मग ही श्रद्धा कुणाची? माझ्या मते एकट्या माणसाची श्रद्धाही श्रद्धाच असते, आणि मी तसं भांडेन. पण किती वर्षं जातील ते सांगू शकत नाही." फी घेणार नाही, असंही म्हणाल्या. मामा आभार मानून घरी आला.

कागद तसेच पडून राहिले. घर ताईच्या शिलाईवर चालत होतं. मामीने एकदा, दोनदा सांगून पाहिलं. एका सुट्टीच्या दिवशी आई आणि मी गेलो होतो, तेव्हा विषय परत निघाला. आई म्हणाली, "दादा, आता कुणासाठी धरून बसलायस?"

मामा ताईकडे न बघता म्हणाला, "आता काढला, तर हिचं जे गेलं ते कशासाठी गेलं?"

ताई मशीनवर बसली होती. तिने पाय थांबवला. "बाबा," ती म्हणाली, "ते माझ्या नावावर नका खपवू."

एवढंच. मग मशीन पुन्हा सुरू झालं. मामीने आम्हाला थांबायचा आग्रह केला नाही, आणि आम्हीही लवकर उठलो.

दुसऱ्या दिवशी मामा कुणाला न सांगता कोपऱ्यावरच्या स्टुडिओत गेला. फोटोवाल्याने मला नंतर सांगितलं, की काकांना मान वर करा म्हणून चार वेळा सांगावं लागलं. तयार फोटोंचं पाकीट मामाने उघडून बघितलं नाही, तसंच मामीच्या हातात दिलं. मामीने एक बाहेर काढला आणि खिडकीपाशी नेऊन बघितला. लग्न झाल्यापासून ती हा चेहरा रोज बघत होती. "किती थकलात हो," ती म्हणाली. तिने अर्जावर फोटो चिकटवला आणि उरलेल्या प्रती कात्रीने बारीक कापून कचऱ्यात टाकल्या. ताईने काही विचारलं नाही.

त्यानंतर मामा सभेला गेला नाही. ते एक मी समजू शकते. पण सकाळी चहाआधी तो खाटेवर बसून डोळे मिटायचा, ज्याला सभा लागत नव्हती, थोरले लागत नव्हते, तेही त्याने सोडलं. आईने विचारलं तर म्हणाला, सवय मोडली. सरकारने जे त्याच्याकडून काढून घेतलं नव्हतं, कोर्टाने जे त्याला शिक्का मारून परत दिलं होतं, ते त्याच्यापाशी उरलं नाही, आणि कुणी घेतलं असं विचारायला गेलं तर प्रत्येकाकडे चांगलं उत्तर आहे.

मामी अजून सकाळी एकटी डोळे मिटून बसते. मामा तेवढा वेळ बाहेर ओट्यावर जाऊन थांबतो. पेन्शन सुरू झाली आहे.